मर्क्सची भूक: ४४५ विजयांचा हिशेब

बेल्जियमच्या एडी मर्क्सनं टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकली: १९६९, १९७०, १९७१, १९७२ आणि १९७४. पाच वेळा टूर जिंकणारे त्याच्याखेरीज आणखीही आहेत, त्यामुळे पाच हा आकडा एकट्यानं फारसं काही सांगत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या सायकलपटूला त्यानं दर वेळी किती वेळानं मागं टाकलं ते मांडून पाहावं. १९६९ मध्ये १७ मिनिटं ५४ सेकंद. १९७० मध्ये १२ मिनिटं ४१ सेकंद. पुढच्या वर्षी ९ मिनिटं ५१ सेकंद, त्याच्या पुढच्या वर्षी १० मिनिटं ४१ सेकंद आणि १९७४ मध्ये ८ मिनिटं ४ सेकंद. सगळ्यांची बेरीज होते ५९ मिनिटं ११ सेकंद. म्हणजे पाच टूर मिळून दुसऱ्या क्रमांकाच्या सायकलपटूंना त्यानं जवळपास एक तास मागं ठेवलं.

या तासाची किंमत कळायला टूर कशी चालते ते माहीत असावं लागतं. तीन आठवडे रोज एक टप्पा. रोजची वेळ मोजायची आणि आदल्या दिवसाच्या वेळेत मिळवायची. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. घोळक्यातून, म्हणजे पेलोटॉनमधून, चालवणाऱ्याला पुढच्याच्या पाठीमागं हवेचा आडोसा मिळतो आणि बरीच ताकद वाचते. एकटा पुढं निघालेला सगळा वारा छातीवर घेतो. त्यामुळे चांगले चांगले सायकलपटू तीन आठवडे एकमेकांना चिकटून राहतात आणि फरक सेकंदांनी पडतो. १९८९ ची टूर ग्रेग लेमाँडनं जिंकली ती ३,२८५ किलोमीटरनंतर फक्त ८ सेकंदांनी. १९८४ नंतर तर दहा मिनिटांच्या फरकानं टूर कोणी जिंकलेलीच नाही. मर्क्सनं दहा मिनिटांची ही मर्यादा पाचांतल्या तीन टूरमध्ये ओलांडली.

१९६९ ची टूर ४,१०० किलोमीटरच्या वर होती आणि सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता. १७ मिनिटं ५४ सेकंद या फरकाचं त्या वेगानं अंतर काढलं, तर ते १० किलोमीटरहून जास्त भरतं. मर्क्स शेवटच्या रेषेवर पोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा रोजे पँजाँ हिशेबानं दहा किलोमीटर मागं होता. हा पँजाँ काही साधा गडी नव्हता, १९६७ ची टूर त्यानंच जिंकलेली होती.

हा आकडा कसा तयार झाला ते पाहायचं, तर १५ जुलै १९६९ चा एकच दिवस पुरतो. सतरावा टप्पा, पिरेनीज पर्वतातल्या ल्युशाँपासून मूराँपर्यंत, २१४ किलोमीटर. वाटेत पेरसूर्द, आस्पाँ, तूरमाले आणि ओबिस्क असे एकामागून एक घाट. तूरमालेचा रस्ता २,११५ मीटर उंचीवर जातो. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे तूरमालेवरचा सायकलवाला महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा साडेचारशे मीटर वर असतो, आणि त्यानंतर ओबिस्क चढायचा बाकीच असतो.

त्या सकाळी मर्क्सकडे एकूण वेळेत पुढं असणाऱ्याची पिवळी जर्सी होती आणि आठ मिनिटांहून जास्त आघाडी होती. पॅरिस पाच दिवसांवर होतं. पडायचं नाही, आजारी पडायचं नाही आणि बाकीच्यांच्या चाकाला चाक लावून चालत राहायचं, एवढंच करायला हवं होतं. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं तेवढंच केलं असतं.

तूरमालेच्या माथ्याजवळ मर्क्सचा सहकारी मार्टिन व्हान डेन बोश पुढं होता. आपण हा संघ सोडून मोल्तेनी संघाकडं जाणार, असं त्यानं मर्क्सच्या कानावर घातलेलं होतं आणि मर्क्सला ते लागलं होतं. माथ्यावर पहिला पोचण्याचा मान घाटभर मालकाला ओढत आणणाऱ्या या सहकाऱ्याला मिळू द्यायचा, हा सायकल शर्यतीतला रिवाज. मर्क्सनं त्याला शेवटच्या काही मीटरमध्ये मागं टाकलं आणि थेट उतारावर झोकून दिलं. खाली आल्यावर मागं वळून पाहिलं तर कोणी नाही. तो थोडा सैल झाला, खिशातलं खाल्लं, मागचे येतील म्हणून वाट पाहिली. कोणी आलं नाही. तेव्हा त्यानं पुन्हा जोर लावला.

मूराँ अजून १३० किलोमीटरच्या वर होतं. जुलैचं ऊन, मध्ये ओबिस्कचा चढ आणि त्यानंतरचा लांबलचक सपाट रस्ता, जिथं एकट्या माणसाला मागचा घोळका हमखास गाठतो. ओबिस्कवर आघाडी मिनिटांमागून मिनिटं वाढत गेली. शेवटच्या पट्ट्यात पोटातलं संपलं, पाय रिकामे झाले, आणि तरी मूराँला तो पोचला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा मिकेले दान्चेल्ली ७ मिनिटं ५६ सेकंद मागं होता. आधीच जिंकल्यात जमा असलेल्या टूरमध्ये त्यानं एका दुपारी आणखी आठ मिनिटांची भर घातली. टूरचे संचालक आणि ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाचे संपादक जाक गोदे यांनी दुसऱ्या दिवशी मथळ्यासाठी नवाच शब्द घडवला: मर्क्सिसिमो.

मला या दिवसात दिसते ती भूक. हिशेबी माणूस गरजेपुरतं घेतो, आणि सायकल शर्यत हा पुरता हिशेबी खेळ आहे. ताकद राखून ठेवायची, दुसऱ्याला वाऱ्यात पुढं करायचं, उद्यासाठी शिल्लक टाकायची, ही त्याची पूर्वापार शिकवण. मर्क्सनं शिल्लक टाकली नाही. त्याच्या कारकिर्दीतले बहुतेक आकडे अचाट वाटतात, कारण ते गरजेच्या पलीकडचे आहेत.

त्या दिवशीच्या भुकेला एक कारणही होतं. ४३ दिवस आधी, २ जून १९६९ ला, इटलीच्या जिरो स्पर्धेत आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर असताना सावोना गावात त्याला उत्तेजक चाचणीत दोषी ठरवून घरी पाठवण्यात आलं होतं. हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून रडणाऱ्या मर्क्सची दृश्यं युरोपभर पोचली. नमुन्यात गडबड झाली, असं त्यानं तेव्हा सांगितलं आणि पुढंही तेच सांगत राहिला. संशयाचा फायदा देऊन त्याच्यावरची बंदी उठवली गेली, म्हणून तो टूरला येऊ शकला. हे एवढंच असतं तर विषय संपला असता. पण १९७३ ची लोम्बार्दिया शर्यत जिंकल्यावर तो पुन्हा दोषी ठरला आणि तो विजय काढून घेण्यात आला. १९७७ मध्ये फ्लेश वालोन शर्यतीनंतर तिसऱ्यांदा तेच झालं. त्या काळात चाचण्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, शिक्षा सौम्य होत्या आणि घोळक्यातल्या कितीतरी मोठ्या नावांवर असे डाग आहेत. तरी मर्क्सचे आकडे सांगताना हा ३ चा आकडा गाळता येत नाही आणि गाळूही नये.

१९६९ च्या टूरमध्ये १३० सायकलपटू निघाले आणि ८६ पॅरिसला पोचले. मर्क्सनं एकूण वेळेची पिवळी जर्सी घेतली. टप्प्यांच्या शेवटी गुण मिळवण्याच्या स्पर्धेतही तो पहिला आला, आणि ही स्पर्धा म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तोफेसारखे सुटणाऱ्या स्प्रिंटरांचं राज्य. घाटांवरच्या गुणांतही तोच पहिला, आणि तिथं सत्ता चालते ती हलक्या अंगाच्या चढणबहाद्दरांची. एका टूरमध्ये या तिन्ही स्पर्धा जिंकणारा दुसरा माणूस अजून झालेला नाही. धावण्याच्या स्पर्धेत शंभर मीटर आणि मॅरेथॉन यांना लागणारी शरीरं वेगळी असतात, तसंच इथं असतं. मर्क्स तेव्हा २४ वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच टूर होती. स्पर्धा संपली ती तारीख होती २० जुलै १९६९. त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरला, पण बेल्जियममधल्या लोकांना आनंदाचं दुसरंही कारण होतं. त्यांच्या देशाचा माणूस टूर जिंकला होता आणि तेही १९३९ नंतर प्रथमच, तीस वर्षांनी.

त्याचे आईवडील ब्रुसेल्सच्या उपनगरात किराणा दुकान चालवत. जन्म १७ जून १९४५ चा, मेन्सेल-किझेखेम या छोट्या गावातला. १९६१ मध्ये पहिली शर्यत जिंकली. हौशी गटात ८० विजय आणि १९६४ चं हौशी विश्वविजेतेपद मिळवून तो १९६५ मध्ये व्यावसायिक झाला. तिथून पुढं त्याचे वर्षवार विजय असे आहेत: १९६५ मध्ये ९, मग २०, २६, ३२, ४३. सत्तर साल उजाडलं आणि ५२, ५४, ५०, ५१. त्यानंतर १९७४ आणि १९७५ मध्ये ३८-३८, मग १५, १७ आणि १९७८ मध्ये शून्य. एकूण ४४५. हौशी काळातले ८० मिळवले की रस्त्यावरचे ५२५.

या रांगेत १९६९ आणि १९७० यांच्या मध्ये एक दिवस लपलेला आहे. ९ सप्टेंबर १९६९. फ्रान्समधल्या ब्लुआ गावच्या ट्रॅकवर सायकलच्या पुढं मोटार बसवलेली गाडी चालते, तसली शर्यत होती. पुढची एक गाडी कोसळली आणि मर्क्सच्या पुढचा चालक फेर्नां वांब्स्त तिच्यावर आदळला. वांब्स्त जागीच गेला. मर्क्स बेशुद्ध पडला, डोक्याला मार बसला, पाठीला आणि कमरेला इजा झाली आणि कंबर कायमची थोडी तिरकी झाली. त्यानंतर घाट चढताना आपण पहिल्यासारखे कधीच राहिलो नाही, असं तो आयुष्यभर सांगत आला. सायकलच्या सीटवर त्याला नीट बसताच येईना. पुढची सगळी वर्षं तो सीटची उंची बदलत राहिला. शर्यत चालू असताना खिशातून पाना काढायचा, चालत्या सायकलवर बोल्ट ढिला करायचा, सीट दोन-तीन मिलिमीटर खाली किंवा वर घ्यायची, आवळायची, परत घोळक्यात शिरायचं. तासाभरानं पुन्हा तेच.

आता ती रांग परत वाचावी. १९६९ अखेरपर्यंतचे विजय भरतात १३०. उरलेले ३१५ ब्लुआनंतरचे. दहांतले सात विजय कंबर तिरकी झालेल्या माणसाचे आहेत, आणि १९७० ते १९७३ या चार वर्षांत तर २०७. व्यावसायिक म्हणून तो सुमारे १,५८० शर्यतींत उतरला, म्हणजे साडेतीन शर्यतींमागं एक विजय. दीड-दोनशे माणसं एकाच वेळी सुटतात आणि जिंकतो एक, अशा या खेळात. पंधरा वर्षं इमानानं सायकल चालवून दोन-तीन विजयांवर निवृत्त होणारे व्यावसायिक शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्या गावात त्यांचे सत्कार होतात.

या ४४५ मध्ये सगळे विजय एका तोलाचे नाहीत, हेही सांगायला हवं. टूर संपली की बेल्जियम-फ्रान्समधल्या गावोगावी चौकाभोवती फेऱ्या मारण्याच्या छोट्या शर्यती होत. मोठी नावं मानधन घेऊन येत आणि लोकांना ज्याला पाहायचं असे तोच पुढं राहील, असं बऱ्याचदा आधीच ठरलेलं असे. मर्क्सच्या यादीत असे विजय पुष्कळ आहेत. एखाद्यानं ते सगळे खोडून टाकले तरी चालेल. मग उरतं काय ते पाहू.

टूर, जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता या तीन आठवडे चालणाऱ्या तीन महास्पर्धांची ११ विजेतेपदं: पाच टूर, पाच जिरो, एक व्हुएल्ता. या स्पर्धांमधले सुटे टप्पे ६४. व्यावसायिक विश्वविजेतेपदं ३. आणि एकदिवसीय शर्यतींमध्ये सर्वांत मानाच्या पाच शर्यतींत मिळून १९ विजय. नुसती ही बेरीज ९७ होते. यातला कुठलाही एक विजय सामान्य सायकलपटूच्या कबरीवर कोरला जाईल असा आहे. महास्पर्धांच्या ११ विजेतेपदांच्या सर्वांत जवळ पोचला तो बर्नार हिनो, १० वर.

पाच मोठ्या एकदिवसीय शर्यतींच्या १९ विजयांपाशी जरा थांबायला हवं, कारण मला टूरच्या विजयांपेक्षाही ते थोर वाटतात. या पाच शर्यती स्वभावानं एकमेकींच्या वैरिणी आहेत. मिलान–सान रेमो २८८ किलोमीटरची, बरीचशी सपाट, शेवटी समुद्रकाठच्या टेकड्या. ती बहुतेकदा शेवटच्या काही सेकंदांत ठरते. पॅरिस–रूबे म्हणजे जुन्या शेतरस्त्यांवरची ओबडधोबड दगडी फरसबंदी, तिथं दणकट शरीर आणि जाड मनगट लागतं. फ्लँडर्समध्ये आखूड, उभे, दगडी चढ. लिएज–बास्तोन–लिएज आर्देनच्या टेकड्यांतून चढत-उतरत जाते. लोम्बार्दिया ऑक्टोबरमधली, लांब घाटांची, थकलेल्या हंगामाच्या शेवटी येणारी. टूर जिंकणारे बारीक चणीचे लोक सहसा रूबेच्या दगडांकडं फिरकतसुद्धा नाहीत. मर्क्स सान रेमो ७ वेळा जिंकला, लिएज ५ वेळा, रूबे ३ वेळा, फ्लँडर्स २ आणि लोम्बार्दिया २ वेळा. त्याच्या काळापर्यंत पाचही शर्यती जिंकलेले फक्त तिघे, आणि तिघेही बेल्जियन: रिक व्हान लोय, मर्क्स आणि रॉजर डे व्ह्लामिंक. डे व्ह्लामिंकला ‘मिस्टर पॅरिस–रूबे’ म्हणत, इतका तो या शर्यतींचा बादशहा. त्याची पाचांतली बेरीज ११. तो मर्क्सशी पूर्ण ताकदीनं भांडला आणि तरी आठ विजय मागं राहिला. १९७० च्या रूबे शर्यतीत तो दुसरा आला, मर्क्सच्या मागं ५ मिनिटं २१ सेकंदांनी. एकाच दिवसाच्या शर्यतीत पाच मिनिटं! आदल्या वर्षी फ्लँडर्समध्ये तर शेवट अजून ७० किलोमीटर दूर असताना मर्क्स एकटा निघाला. संघाचे व्यवस्थापक ड्रिसेन्स गाडी त्याच्याजवळ आणून ‘वेड लागलंय का’ म्हणून ओरडले. साडेपाच मिनिटांहून जास्त फरकानं तो जिंकला.

पेझो संघातला त्याचा एक जुना सहकारी क्रिस्तियाँ रेमाँ घरी बसून शर्यतींच्या गोष्टी सांगत होता. हा कोणाला काही उरूच देत नाही, हे ऐकून त्याच्या बारा वर्षांच्या मुलीनं मर्क्सला नरभक्षक म्हटलं. नाव युरोपभर झालं. मर्क्सला ते कधी आवडलं नाही.

एवढी भूक असलेला माणूस हरतो तेव्हा काय करतो, याचं उत्तर १९७१ च्या टूरमध्ये आहे. आल्प्समध्ये ऑर्सियेर-मेर्लेतच्या चढावर स्पेनच्या लुईस ओकान्यानं मर्क्सला एका दिवसात ८ मिनिटं ४२ सेकंदांनी मागं टाकलं. मर्क्सला असं कोणी कधी केलेलं नव्हतं. पुढचा टप्पा मार्सेयपर्यंतचा, २५१ किलोमीटर, सुरुवातीलाच उतार. निशाण पडलं त्या क्षणी मर्क्सचा संघ सुटला. ओकान्या मागं, घोळका मागं, आणि दिवसभर दोन्हीकडून ऊर फुटेस्तोवर पाठलाग. टप्प्याचा सरासरी वेग पडला ताशी ४५ किलोमीटरच्या वर. आयोजकांनी धरलेल्या सर्वांत वेगवान अंदाजाच्याही खूप आधी सायकली मार्सेयमध्ये शिरल्या. महापौर गास्तों देफेर समारंभासाठी पोचले तेव्हा शर्यत संपून गेली होती. आणि एवढ्या आटापिट्यातून मर्क्सच्या हाती लागली जेमतेम दोन मिनिटं. पुढं दोन दिवसांनी पिरेनीजमध्ये मांते घाटाच्या उतारावर गारांचं वादळ आलं, रस्त्यावरून पाणी वाहू लागलं, दोघंही पडले. मर्क्स उठला. ओकान्या उठत असताना मागून येणारे त्याच्यावर आदळले आणि त्याला हेलिकॉप्टरनं न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मर्क्सनं पिवळी जर्सी घालायला नकार दिला. ती टूर तो जिंकला, पण ओकान्या असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्याच्या पाच विजयांतल्या एका विजयाला कायमचा चिकटला आहे. त्या वर्षाच्या नोंदी सांगतात: १२० शर्यती, ५४ विजय. शंभरात ४५.

१९७२ मध्ये सान रेमो, लिएज, जिरो, टूर आणि लोम्बार्दिया जिंकून झाल्यावर, ऑक्टोबरमध्येच, मर्क्स मेक्सिको सिटीला गेला. एक तास, एकटा, ट्रॅकवर किती किलोमीटर होतात ते मोजायचं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून जास्त उंचीवर हवा विरळ असते, वाऱ्याचा अडथळा कमी होतो, पण श्वासालाही कमी पुरते. त्यासाठी त्यानं घरी तोंडाला मुखवटा लावून कमी प्राणवायूची हवा ओढत सराव केला होता. एर्नेस्तो कोल्नागोनं बनवलेली सायकल पावणेसहा किलोच्या आसपास होती. वजन वाचवण्यासाठी चेनच्या कड्यांनासुद्धा भोकं पाडलेली होती.

२५ ऑक्टोबरला तो ४९.४३१ किलोमीटर गेला. आधीचा विक्रम डेन्मार्कच्या ओले रिटरचा, ४८.६५३. मर्क्स त्यापेक्षा ७७८ मीटर पुढं गेला. याचे तुकडे करून पाहिले तर आकडा नीट उमगतो. दर सेकंदाला पावणेचौदा मीटर. ट्रॅक ३३३ मीटरचा, म्हणजे १४८ फेऱ्या आणि वर थोडं, प्रत्येक फेरी सव्वाचोवीस सेकंदांची. पुढं ५२ दात्यांचं चाक, मागं १४ चं, गिअर बदलायची सोय नाही. पायडल एकदा पूर्ण फिरलं की सायकल जवळपास ८ मीटर जाते. म्हणजे तासाभरात सहा हजारांवर वेळा पाय फिरले, मिनिटाला शंभराहून जास्त. मधे उतार नाही, सावली नाही, दुसऱ्याच्या पाठीचा आडोसा नाही. आणि इथंही त्यानं राखून चालवलं नाही: पहिले १० किलोमीटर १२ मिनिटांच्या आत, पन्नासच्या वरच्या वेगानं, मग उरलेला वेळ त्या उधळपट्टीची परतफेड. उतरल्यावर त्याला धड चालता येत नव्हतं. आयुष्यातली ही सर्वांत कठीण सवारी होती आणि असं पुन्हा कधीच करणार नाही, असं तो म्हणाला, आणि केलंही नाही.

पुढं सायकलींचे आकार बदलले, चाकं भरीव झाली, हात पुढं ताणून झोपल्यासारखं बसण्याच्या तऱ्हा निघाल्या आणि तासाचा आकडा ५६ किलोमीटरच्या वर गेला. मग २००० साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलं की हा विक्रम मर्क्सच्या काळातल्यासारख्या सायकलवरच मोजायचा: गोल नळ्या, तारांची चाकं, वाकडं हँडल. ब्रिटनचा क्रिस बोर्डमन त्या वर्षी मँचेस्टरच्या बंदिस्त ट्रॅकवर उतरला. ५६ किलोमीटरचा तो विक्रम त्याचाच होता. जुन्या पद्धतीच्या सायकलवर, २८ वर्षांच्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा वारसा पाठीशी घेऊन, तो गेला ४९.४४१ किलोमीटर. मर्क्सपेक्षा १० मीटर जास्त. मर्क्सच्या वेगानं हे दहा मीटर पाऊण सेकंदाचे होतात. नंतर हे नियमही बदलले, आणि २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नानं आधुनिक सायकलवर आकडा ५६.७९२ वर नेला.

१९७५ मध्ये मर्क्स तिशीत होता आणि त्या वर्षी तो १५१ वेळा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला, कारकिर्दीतला सर्वांत मोठा आकडा. सहाव्या टूरच्या दिशेनं सगळं नीट चाललं होतं. ११ जुलैला प्युई द दोमच्या चढावर रस्त्याकडेच्या गर्दीतल्या एकानं त्याच्या पोटात ठोसा मारला. दोन दिवसांनी प्रा-लूच्या चढावर आघाडीवर असताना शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याचे पाय गळाले आणि बर्नार तेव्हने शेजारून निघून गेला. पिवळी जर्सी गेली, आणि ती त्याला पुन्हा कधीच मिळाली नाही. आणखी दोन दिवसांनी तो पडला आणि गालाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. चावता येत नव्हतं म्हणून पातळ पदार्थांवर राहून तो पॅरिसपर्यंत गेला, तेव्हनेकडून काही सेकंद परतही मिळवले, आणि २ मिनिटं ४७ सेकंदांनी दुसरा आला. त्या वेळी थांबायला हवं होतं, आपली कारकीर्द त्या हट्टानं आखूड झाली, असं तो नंतर बोलला. मला ते पटतं. ३८ विजयांचं वर्ष संपलं आणि पुढच्या वर्षी १५ च झाले. १९७८ मध्ये पाच शर्यती करून, १८ मे रोजी, तेहतिसावं पूर्ण व्हायला महिना बाकी असताना, त्यानं निवृत्ती जाहीर केली.

त्याचे काही आकडे आता मोडले आहेत आणि मोडावेतच. टूरमधल्या टप्प्यांचा ३४ विजयांचा त्याचा विक्रम जुलै २०२४ मध्ये मार्क कॅव्हेंडिशनं ३५ करून मोडला. कॅव्हेंडिशचे सगळे विजय स्प्रिंटचे, सोळा वर्षांत विखुरलेले. मर्क्सचे ३४ सहा टूरमध्ये आले, त्यांत घाट आहेत, एकट्यानं वेळेविरुद्ध काढलेले टप्पे आहेत, स्प्रिंटही आहेत. त्याच वर्षी तादेय पोगाचार जिरो, टूर आणि विश्वविजेतेपद एका हंगामात जिंकला; १९७४ मध्ये मर्क्सनं आणि १९८७ मध्ये स्टीफन रोशनं केलं, तसं. त्या हंगामात पोगाचारचे विजय २५ झाले आणि सायकल जगत थक्क झालं. पण आजचा अव्वल सायकलपटू वर्षात साठ-सत्तर दिवस शर्यत करतो, मधले आठवडे उंच डोंगरांवर सराव करतो आणि निवडक तारखांना पूर्ण ताकदीनं उतरतो. मर्क्स फेब्रुवारीत सुरू करी तो ऑक्टोबरपर्यंत, आणि हिवाळ्यात गेंटसारख्या शहरांतल्या बंदिस्त ट्रॅकवर सहा-सहा दिवसांच्या शर्यती करी. त्यातल्या १७ त्यानं जिंकल्या, बहुतेक पात्रिक सेर्कूच्या जोडीनं, आणि त्या ४४५ मध्ये धरलेल्या नाहीत.